‘मले घरी जाचं हाय’ म्हणणाऱ्या आईला काय सांगायचं?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या की या सदराकडे एका ठरावीक वळणाची पत्रं येतात. पुण्या-मुंबईची, बंगलोरची मुलं आठ-पंधरा दिवस नागपूरला राहून जातात आणि एरवी फोनवर कळत नाही ते आई-बाबांचं विसरणं त्यांना दिसतं. बाबांनी एकाच सकाळी दोनदा आंघोळ केली. आईनं पाटवडीच्या रश्शात पुन्हा पुन्हा मीठ घातलं. गॅस सुरूच राहिला. मग परतीच्या गाडीत बसल्या बसल्या पत्र लिहिलं जातं. यंदा त्यातली दोन आणि नागपुरातच राहणाऱ्यांची दोन निवडली आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिल्यावर ‘आता घरी काय करायचं?’ हा प्रश्न घेऊन लोक ज्या टेबलापाशी येतात, त्या टेबलामागे माझी नोकरी गेली. तेव्हा गोळ्यांचं प्रमाण मला विचारू नका, बाकी सगळं विचारा.

पत्र पहिलं

*काकू, सासूबाई ७६ वर्षांच्या. मामाजी (सासरे) गेल्यावर महालातलं घर विकलं आणि त्यांना आमच्याकडे मानेवाड्याला आणलं. वर्षभरापूर्वी न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमर सांगितला, गोळी सुरू आहे. दिवसभर बऱ्या असतात. पाच वाजले की थैलीत एक लुगडं, चष्म्याचं घर आणि देवातला बाळकृष्ण भरतात आणि दाराशी उभ्या राहतात. ‘मले घरी जाचं हाय.’ मी म्हणते, आई, हेच आपलं घर. तर म्हणतात, तू कोण मले सांगणारी? मिस्टरांना बुटीबोरीहून यायला आठ वाजतात. मध्यंतरी शेजारच्या काकूंना सांगितलं, ही बाई मला कोंडून ठेवते आणि माझी सोन्याची पोत हिनंच घेतली. मी यांच्यासाठी नोकरी सोडली आहे. खोटं बोलून वेळ मारून नेणं मला पटत नाही. भाजी आणायला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावत जाऊ का? – मानेवाडा*

ताई, कुलूप नको. हे आधी. माणूस आत, किल्ली तुमच्या पर्समध्ये, आणि घरात कूलरची वायर जळाली तर दार उघडणार कोण? भाजीवाला खालीच येतो, नाही तर शेजारच्या काकूंना दहा मिनिटं बसवा. पोतीची गोष्ट त्यांनी ऐकलेलीच आहे, आता आजाराचीही ऐकू द्या. चोरून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

संध्याकाळची ही घालमेल या आजारात पुष्कळ घरांत दिसते. दिवसभराचा शीण असतो, उजेड उतरतो, भिंतीवर सावल्या हलतात, मेंदूतलं झोपेचं-जागेपणाचं घड्याळ बिघडलेलं असतं. त्यात भूक, तहान, तुंबलेली लघवी, साफ न झालेलं पोट, दुखणारे गुडघे. यातलं जे काही होतंय ते त्यांना सांगता येत नाही, म्हणून त्या थैली भरतात. महालातलंच घर हवं असतं असंही नाही. बऱ्याचदा त्यांना चाळीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ हवी असते. पोरं शाळेतून यायची वेळ झाली, चूल पेटवायची आहे आणि मी इथं परक्याच्या घरी काय करून राहिले, अशी ती तगमग असते.

त्यामुळे पाच वाजता काय बोलायचं हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि चार वाजता काय करायचं ते ठरवा. चारला बाथरूमला नेऊन आणा. मग चहा, सोबत मुरमुऱ्याचा चिवडा किंवा जे आवडत असेल ते, पण पोटाला आधार होईल एवढं. अंधारायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, पडदे ओढा. टीव्हीवरच्या भांडखोर मालिका आणि बातम्या त्या वेळेला बंद. आरशातल्या बाईशी बोलत असतील तर आरशावर चादर टाका.

आणि हाताला काम द्या. तुमच्या जागी मी असते तर दारापाशी जाऊन विचारलं असतं, ‘आई, घरी जाऊन काय काय करायचं आहे?’ उत्तर बहुतेक येईल, ‘पोरं येतील ना, भात टाकाचा हाय.’ ‘मग तांदूळ तरी निवडून घेऊ.’ परात पुढ्यात ठेवायची आणि आपणही समोर बसायचं. तांदूळ नकोत तर सांभाराची (कोथिंबिरीची) जुडी, लसूण, देवाच्या वाती, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या. निवडलेलं आणि न निवडलेलं त्या एकत्र करतील. करू द्या. उद्या तेच तांदूळ पुन्हा निवडायला ठेवता येतात, ही या आजाराची एकमेव सोय आहे.

तरीही निघायचंच म्हणाल्या, तर थैली घेऊन तुम्हीही निघा. फ्लॅटस्कीमला एक फेरी मारायची, गेटवर वॉचमनला रामराम करायचा आणि लिफ्टनं वर यायचं. खूप जण अशा फेरीनंतर आपणच दारातून आत येतात आणि चप्पल काढतात.

खोटं बोलणं पटत नाही म्हणता. मग नका बोलू. ‘हो, चहा घेऊन निघू’ यात मला तरी पाप दिसत नाही. पण ‘मामाजी येतील न्यायला’ असं मात्र मीही सांगणार नाही. ते दारात ताटकळत उभ्या राहायला लावणं झालं. उलट ‘मामाजी जाऊन तीन वर्षं झाली, किती वेळा सांगू’ असंही नको. तुम्ही ते दहाव्यांदा सांगत असाल, त्या पहिल्यांदाच ऐकतात आणि आत्ताच विधवा झाल्यासारख्या रडतात. मामाजींचा विषय निघाला तर मामाजींबद्दलच बोला. कुठे नोकरी होती, मारबतीच्या मिरवणुकीला पोरांना खांद्यावर घेऊन जात होते का, जेवायला काय लागायचं. खरं तेच बोललात, आणि त्यांचं मन वळलं.

पोतीचं मनाला लावून घेऊ नका हे सांगणं सोपं आहे. लागतंच. वस्तू स्वतःच ठेवायची, ठेवलेली विसरायची आणि मग हाताशी असलेल्या माणसावर आळ घ्यायचा, असा तो क्रम असतो. जी सून चोवीस तास समोर आहे तिच्यावरच आळ येणार, दिवाळीला येणाऱ्या नणंदेवर नाही. खरी पोत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि एक ग्रॅमवाली तशीच दिसणारी गळ्यात असू द्या. हरवली की ‘अगंबाई, चला शोधू’ म्हणून सोबत शोधा. तांदळाचा डबा, उशीची खोळ, देवघरामागची फट, जुन्या पर्सचा आतला कप्पा. त्यांच्या दोन-तीन ठरलेल्या जागा तुम्हाला लवकरच पाठ होतील.

बाहेर निघून जाण्याची तयारी आजच करा. दाराला आतून एक कडी अगदी वर किंवा अगदी खाली, जिथं त्यांची नजर जात नाही तिथं. दार उघडलं की वाजेल अशी घंटी. ब्लाउजच्या आतल्या बाजूला तुमचा मोबाईल नंबर शिवून टाका, गळ्यातलं कार्ड त्या काढून फेकतील. मोबाईलमध्ये त्यांचा अलीकडचा, रोजच्या साडीतला फोटो हवा, लग्नातला नको. वॉचमन, कोपऱ्यावरचे ऑटोवाले, किराणावाला यांना सांगून ठेवा. आणि कधी निघून गेल्याच, तर चोवीस तास थांबायचं असतं हे कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. लगेच ११२ लावा, आणि घरातल्या एकानं थेट महालात जुन्या घराच्या गल्लीत जावं.

रात्रीच्या झोपेसाठी स्वतःच्या मनानं मेडिकलमधून गोळी आणू नका. या आजारात काही शांत करणाऱ्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, पडझडही वाढते. देतील तर डॉक्टर देतील, थोड्या दिवसांपुरती.

मिस्टरांना हे वाचायला द्या. आठला घरी आल्यावर ‘आज आईनं काय केलं?’ असं विचारणं म्हणजे आईला सांभाळणं नव्हे. रविवारची दुपार आणि संध्याकाळ पूर्ण त्यांची, तुम्ही घराबाहेर. बाहेर जाऊन काय करता ते कुणी विचारायचं नाही.

पत्र दुसरं

*बाबा ८१ वर्षांचे, टपाल खात्यातून निवृत्त, बरीच वर्षं सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत होते. आई-बाबा प्रतापनगरला, मी पुण्यात, ताई सोमलवाड्यात. वर्षभर बाबा तेच ते विचारायचे, नातवाचं नाव विसरायचे. पण नागपुरातल्या कुठल्याही भागाचा पिनकोड विचारा, खाडकन सांगतात. मेच्या शेवटी तीन-चार दिवसांत एकदम बदलले. हॉलमध्ये माणसं बसलेली दिसायची, रात्रभर जागे, दिवसा ग्लानी. काका म्हणाले, वय झालं, त्यात नवतपाचं ऊन. ॲडमिट केलं तर सोडियम फार खाली गेलेलं. आता पुष्कळ सुधारलेत. मग हा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) की नाही? दुसरं, ताई म्हणते, बरे आहेत तोवर मुखत्यारपत्र करून घेऊ. मी पैसे नियमित पाठवतो, तरी ती हल्ली माझ्याशी तुटक बोलते. – पुणे*

तुमच्या काकांना सांगा, वय सगळ्यांचंच होतं. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांत साधारण सात जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. म्हणजे उरलेल्या त्र्याण्णवांचं वय होऊनही तो होत नाही.

मेमध्ये जे झालं त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. डिमेन्शिया महिन्या-महिन्यानं सरकतो, डिलिरियम तासांत-दिवसांत उफाळतो. सकाळी शुद्धीवर, दुपारी बरळणं, रात्री पुन्हा वेगळंच. असा एकाएकी झालेला बदल म्हणजे शरीरात काही तरी बिघडलंय असंच धरायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातलं पाणी कमी होणं, साखर खाली-वर होणं, तुंबलेली लघवी, नवी सुरू केलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी, यातलं काहीही निघू शकतं. ज्याचा मेंदू आधीच थोडा खचलेला असतो त्याला हा झटका लवकर बसतो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही असू शकतं.

नागपूरचा मे महिना वेगळा सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. त्यात रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी असेल आणि जेवण दोन घास, तर सोडियम घसरतं. नुसतं साधं पाणी पाजत राहिल्यानंही घसरतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मीठ किती आणि पाणी किती हे मात्र बाबांच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, किडनी आणि हृदय पाहून ते बदलतं. पुढच्या उन्हाळ्यात एप्रिलमध्येच सोडियम तपासून घ्या आणि बीपीच्या गोळीबद्दल विचारा.

आता स्मरणशक्तीची नीट तपासणी. ती दवाखान्यातून घरी आल्या आल्या करून उपयोग नाही, मेंदू पूर्ण सावरायला आठवडे, कधी महिने लागतात. दोनेक महिन्यांनी न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मेडिकल आणि मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे; खासगीतच गेलं पाहिजे असं नाही. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं का ते विचारा. शाकाहारी माणूस आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, या जोडीत बी-१२ बऱ्याचदा कमी असतं आणि ते भरून काढता येतं. अलीकडच्या दोन-तीन महिन्यांत बाबा पडले होते का? डोक्याला बारीक मार लागला तरी आत रक्त हळूहळू साचतं आणि आठवड्यांनी लक्षणं दिसतात. त्यासाठी सीटी स्कॅन. कानांची तपासणीही करा. ‘विसरतात’ म्हणून आणलेल्या कित्येक माणसांना मुळात ऐकूच आलेलं नसायचं. आणि उदासी. जोडीदार किंवा जुना मित्र गेल्यावर माणूस इतका आत जातो की घरच्यांना स्मृतिभ्रंश वाटतो. तुमच्या बाबांच्या बाबतीत तसं दिसत नाही, पण डॉक्टरांना विचारू द्या.

पिनकोडचं वाचून मला फार आनंद झाला. नातवाचं नाव पाच वर्षांचं आहे, पिनकोड चाळीस वर्षांचे. जुनं आणि रोज हाताखालून गेलेलं सगळ्यांत जास्त टिकतं. नातवाला सांगा, आजोबांना ‘ओळखा पाहू मी कोण’ हा खेळ बंद. आल्या आल्या स्वतःच म्हणायचं, ‘आजोबा, मी अमुक, पुण्याहून आलो.’ मग एक जुनी वही घेऊन बसायचं. महाल? ४४००३२. प्रतापनगर? ४४००२२. घरात लग्नपत्रिकांची, बँकेच्या पत्रांची पाकिटं असतीलच. पन्नास-साठ पाकिटं आणि चार खोकी बाबांसमोर ठेवा, भागाप्रमाणे लावायला सांगा. सॉर्टिंग करताना हात कसा चालतो ते बघा, आणि आईला तेवढा वेळ पाठ टेकू द्या.

कागदपत्रांचं ताईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. घाई करायला हवी, पण मुखत्यारपत्रावर भिस्त नको. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही ते करून ठेवाल, नेमक्या त्या दिवशी ते हातातून जाईल. बँकेतली खाती आई-बाबांच्या संयुक्त नावावर, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो’ अशा सूचनेसह करून घ्या. प्रत्येक खात्याचं, एफडीचं नॉमिनेशन तपासा. मृत्युपत्र करायचं तर बाबांना समजतंय तोवरच. दोन साक्षीदार हवेतच, त्यात ज्यांना काही मिळणार आहे ते नकोत. त्याच दिवशी डॉक्टरांचं ‘समजून-उमजून निर्णय घेऊ शकतात’ असं प्रमाणपत्र घ्या. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण करा. घर कुणाच्या नावे बक्षीसपत्र करून द्यायचा विचार चालू असेल तर आई-बाबांना सांभाळण्याची अट त्या कागदातच लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार मग घेता येतो. हे काहीच न करता बाबांची समज गेली, तर पालक नेमून घेण्यासाठी वकील गाठून हायकोर्टापर्यंत जायची वेळ येते. खंडपीठ नागपुरातच आहे, पण खर्च आणि महिने वाचत नाहीत.

बाबांना यातलं काही लपवून सही घ्यायची नाही. सकाळी, चहानंतर, डोकं ताजं असताना, एका वेळी एकच कागद. टपाल खात्यातल्या माणसाला कागद वाचल्याशिवाय सही करायची सवय नसते, ती मोडायला लावू नका.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. केंद्राच्या ऐंशी ओलांडलेल्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. बाबांच्या फोनमधून यूपीआय काढून टाका किंवा मर्यादा अगदी कमी ठेवा. ‘तुमच्यावर अटक वॉरंट आहे’ म्हणणारे फोन अशाच घरांत जाऊन लागतात. फसवणूक झालीच तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

राहिली ताई. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘मी पैसे नियमित पाठवतो.’ तुम्ही विचारलं नाही, तरी उत्तर त्यातच आहे. सोडियम घसरलं त्या रात्री हॉलमधल्या न दिसणाऱ्या माणसांना चहा विचारत कोण बसलं होतं? तुम्ही पुण्यातून करता येण्यासारखं किती तरी आहे. गोळ्या ऑनलाइन मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, रिपोर्ट एका फोल्डरमध्ये लावणं, विजेचं बिल, पेन्शनचा दाखला, कामवालीचा पगार. ‘ताई, सांग काय करू’ असं विचारू नका, ते विचारून तुम्ही तिच्यावर आणखी एक काम टाकता. यादी करा आणि कळवा, हे आजपासून माझं. आणि वर्षातले काही आठवडे, लग्नकार्य नसताना, येऊन राहा. तेव्हा ताईनं प्रतापनगरला पाऊल टाकायचं नाही.

पत्र तिसरं

*माझे वय ७४, पत्नी ७१. तिला सात-आठ वर्षांपासून हा आजार. आधी बोलायची, फिरायची. यंदा होळीपासून अंथरुणावर आहे. मला ओळखत नाही, घास तोंडात धरून ठेवते, पाणी पिताना ठसका लागतो. एक बाई सकाळी दोन तास येते, बाकी मीच. माझे हर्नियाचे ऑपरेशन डॉक्टर करा म्हणतात, मी टाळतो आहे. मुली म्हणतात केअर होममध्ये ठेवा. जन्मभर जिने माझे केले तिला बाहेर ठेवून मी घरी जेवू कसा? नळी घालून जेवण देतात ते करावे का? – खामला*

काका, घास भरवताना त्यांना पूर्ण बसतं करा, पाठीला तक्के लावून, हनुवटी किंचित खाली. आडवं असताना चमचा नको, पाणीसुद्धा नको. पातळ पदार्थाचा ठसका जास्त लागतो, म्हणून पाण्याऐवजी घट्टसर पेज, आंबील, दही, वरणभाताचा मऊ गोळा. लहान चमचा, एक घास गिळला हे गळ्याकडे पाहून मगच दुसरा. जेवणानंतर तोंड पुसून अर्धा तास तसंच बसवून ठेवा. नळीबद्दल, या टप्प्यावर नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं आढळलेलं नाही. उलट नळी ओढू नये म्हणून हात बांधायची वेळ येते. चमच्यानं, जेवढं जाईल तेवढं, हे आज बहुतेक तज्ज्ञ सुचवतात. डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला आणि मुलींना त्या वेळी सोबत बसवा, नाही तर पुढे एक म्हणेल घाला, दुसरी म्हणेल नको.

दर दोन तासांनी कूस बदलायची, एअर बेड घ्यायचा, माकडहाड आणि टाचा रोज उजेडात पाहायच्या. कातडी लाल दिसली आणि दाबल्यावर पांढरी होत नसेल तर त्याच दिवशी नर्सला दाखवा.

हर्निया घेऊन तुम्ही त्यांना उचलता, यावर मी काय बोलू? ऑपरेशनची तारीख घ्या. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत भरती होऊन घेतलेले उपचार त्यात बसतात. दोघांचंही काढा. घरी ठेवलेल्या बाईचा पगार मात्र त्यात बसत नाही, तो हिशेब मुलींसमोर मांडा. आधी रात्रीची बाई बघा, कारण दिवसाची कामं माणूस ओढतो, रात्रीच्या जागरणानं मोडतो. ब्युरोकडून घेत असाल तर ती बाई सुट्टीवर गेली की बदली कोण, अंथरुणातल्या माणसाला उचलायची तिला सवय आहे का, आणि पैसे बाईच्या हातात किती जातात, एवढं विचारून घ्या. कमी पगारावरची बाई टिकत नाही.

केअर होमचं लगेच ठरवू नका, पण बघून या. सकाळी ऑफिस उघडं असताना जाऊ नका. संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला, न सांगता जा. वास कसा येतो, घास कोण भरवतं, रात्री किती माणसांमागे किती कामाच्या बाया, कुणाला पलंगाला बांधलंय का. एखादं ठिकाण मनाला पटलं तर निदान तुमच्या ऑपरेशनपुरतं, महिनाभर ठेवून बघता येईल. तुम्ही रोज दुपारी जाऊन घास भरवा की. जेवण तुमच्या हातचंच राहील, उचलायला दुसरे हात असतील. लोक बोलतील. त्यातलं कुणी रात्री दोनला कूस बदलायला आलंय का आजवर?

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि मन फार दाटून आलं तर १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. मुलींना सांगवत नाही ते अनोळखी माणसाला सांगणं पुरुषांना सोपं जातं, हे मी टेबलामागून पुष्कळदा पाहिलं आहे.

पत्र चौथं

*आजीला अल्झायमर होता, तो ऐंशीनंतर सुरू झाला. आता आई ६३ वर्षांची आहे, चष्मा विसरते, नावं आठवत नाहीत. नुकतीच सुट्टीत भेटून आले. तिला होणार का? मग मला? शब्दकोडी सोडवल्यानं टळतो का? – बंगलोर*

चष्मा विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणं वेगळं. तुमची आई नाव विसरते आणि अर्ध्या तासानं ‘हां, आठवलं!’ म्हणते ना? मग सध्या गप्प बसा आणि तिला दर वेळी टोकू नका.

म्हातारपणी होणारा अल्झायमर सरळ आईकडून लेकीकडे येत नाही. घरात असेल तर धोका थोडा वाढतो, इतकंच. लहान वयात, साठीच्या आत सुरू होणारा आणि पिढ्यान्पिढ्या दिसणारा प्रकार असतो, पण तो विरळा. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगानं चौदा गोष्टी मोजल्या, ज्या हाताळल्या तर जगातला साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, बैठं आयुष्य, एकटेपणा, डोक्याला मार, कमी ऐकू येणं, कमी दिसणं हे सगळं त्यात आहे. आपल्याकडे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) हे व्यसनच मानत नाहीत, तेवढं मी माझ्या पदरचं जोडते.

शब्दकोडी सोडवायला हरकत नाही, वेळ छान जातो. आईची बीपीची गोळी नियमित सुरू आहे का, आणि टीव्हीचा आवाज हल्ली वाढलाय का, हे आधी बघा. वाढला असेल तर कानाच्या डॉक्टरांची वेळ तुम्हीच घ्या. ती स्वतःहून जायची नाही.